ओशन बीचला काइट घेऊन उतरावं का?

मोरजीमचा_पाहुणा:
मंडळी, काइटसर्फिंग (मोठ्या पतंगाने ओढून घेत फळीवरून पाण्यावर धावणं) गोव्यात मोरजीमला शिकलो. वाऱ्याच्या विरुद्ध चढून निघालो तिथेच परत येता येतं, पाण्यात पडलेली काइट पुन्हा उडवता येते. नोकरीमुळे आता सॅन फ्रान्सिस्कोत, आउटर सनसेटमध्ये आलोय. ओशन बीचचा समुद्र चालत दहा मिनिटांवर, दुपारनंतर वारा सुसाट, आणि दोनचार काइट रोज डोळ्यांसमोर. वजन ७४ किलो, काइट ९ आणि १२ (चौरस) मीटरच्या. घरी म्हणतात आधी कुणाला तरी विचार. म्हणून विचारतोय.

चहाबाज:
मी यातला नाही, पण सकाळी तिथे चालायला जातो. पोहणारेच नाही, तर नुसते पाण्यात उभे राहिलेलेही इथे बुडालेत, अशी पाटी लावलेली आहे. चालायला या, छान जागा आहे.

खारावारा:
मोरजीमला आणि इथे, दोन्हीकडे पाणी खारं. साम्य तिथेच संपलं बरं का.

तुम्ही काय येतं ते सांगितलंत. मला विचाराल तर प्रश्न एकच: काइट गेली, तर लाटांच्या पट्ट्यातून पोहत बाहेर येता येईल का? काइट हातात असते तोवर ओशन बीच उलट सोपा वाटतो. सर्फबोर्डवाले हात मारून मारून दमतात, तिथून आपण अर्ध्या मिनिटात पलीकडे जातो. गोम तिथेच आहे. पोहून जिथे पोचलो नसतो, तिथे काइट नेऊन ठेवते.

आणि ती पडते कुठे? बहुधा फेसातच. पहिली लाट तिच्यावर फुटते, पुढची तिला किनाऱ्याकडे ओढते. बार (काइटचा दांडा) हातात, हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) हिसका, मग एकदम लाइन ढिल्या पडतात आणि वीसेक मीटर दोऱ्या तुमच्या अवतीभवती तरंगायला लागतात. शिकवणीत दाखवतात तसं बार गुंडाळत बसायला इथे वेळ मिळत नाही. लाटांच्या बाहेर असाल तर जरूर गुंडाळा. फेसात असाल तर क्विक रिलीज (काइटची ओढ झटक्यात सोडणारं हँडल), तरी ओढ थांबली नाही तर लीशही (काइटला बांधून ठेवणारी शेवटची दोरी) सोडायची, बोर्ड धरायचा आणि दोऱ्यांपासून लांब सरकायचं. काइटचे पैसे जातात. जाऊ देत. लाइन कापायची सुरी हार्नेसवर हाताला लागेल अशी हवी, पिशवीत नको.

थंडीचं तर मोरजीमवाल्यांच्या ध्यानातच येत नाही. एप्रिल-मेमध्ये वायव्येचा जो वारा आपल्याला हवा असतो, तोच वरचं पाणी किनाऱ्यापासून लोटतो आणि खालचं गार पाणी वर येतं. १०-१२ अंश. ५/४चा (मिलिमीटर जाडीचा) वेटसूट आणि टोपी हवीच. क्विक रिलीजचा सराव कोरड्या, गरम हातांनी करून उपयोग नाही. मी पाण्यात पंधरा मिनिटं बसून बोटं बधिर झाली की लाल हँडल ओढून बघते. वाळू अडकलेलं रिलीज तेव्हा कसं जड लागतं ते एकदा बघाच.

१२ मीटरची इथे सहसा विसरा. वारा १६ नॉटवरून (नॉट म्हणजे वाऱ्याच्या वेगाचं एकक) २४ वर गेला की दीडपट वाढला असं वाटतं, ओढ मात्र सव्वादोनपट होते.

मोरजीमचा_पाहुणा:
ताई, घाम फुटला. म्हणजे जायचंच नाही का? आणि दिवस कसा निवडायचा?

खारावारा:
जायचं, पण आज नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा बॉय ४६०२६ (लाटा मोजणारं तरंगतं यंत्र) रोज बघत जा. लाटेच्या उंचीइतकाच तिचा कालावधी, म्हणजे दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत, महत्त्वाचा. दीड मीटर ८ सेकंदांची आणि दीड मीटर १४ सेकंदांची, आकडा सारखा, पण दुसरी पाऊणपट जास्त जोर घेऊन येते आणि वाळूच्या बांधावर उभी राहते. पहिल्यांदा उन्हाळ्यातला लहान स्वेलचा (दुरून येणाऱ्या लाटांचा) दिवस, सोबत इथला माहीतगार, आणि उतरण्याआधी अर्धा तास नुसतं बघणं. रिप (समुद्राकडे ओढणारा प्रवाह) कुठे वाहतोय ते वरून, टेकाडावरून स्पष्ट दिसतं.

उत्तरेला क्लिफ हाउसकडे खडक आहेत, शिवाय गोल्डन गेट सामुद्रधुनीची ओहोटी तिथे ओढते. वारा तुम्हाला दक्षिणेकडे ढकलणार. स्लोट रस्त्याच्या पुढे किनाऱ्यावर दगडांचे ढीग आहेत, भरतीला वाळू फारशी उरत नाही. त्याच्याही पुढे फोर्ट फनस्टनचा कडा. हँग ग्लायडरवाले तिथे उडतात कारण वारा कड्याला आपटून वर चढतो. तोच वारा तुमच्या काइटलाही उचलेल. स्लोट दिसायला लागलं की बाहेर.

दर्यावर्दी_फ्रीमाँट:
खारावाराताईंशी सहमत. एक भर. जून २०२४मध्ये सांताक्रूझच्या उत्तरेला, डेव्हनपोर्टजवळ एक काइटसर्फर कड्याखाली अडकला होता. त्याने दगड मांडून मदत मागणारी अक्षरं केली, वरून जाणाऱ्या खासगी हेलिकॉप्टरने ती पाहिली, मग सुटका झाली. आपल्या नशिबात हेलिकॉप्टर असेलच असं नाही. पाणी न शिरणारा व्हीएचएफ रेडिओ बाळगा, कोस्ट गार्ड १६ नंबरच्या चॅनलवर ऐकतं. आणि घरी परत यायची वेळ सांगून निघा.

चहाबाज:
मी म्हटलं होतं ना, चालायला या.

खारावारा:
चहाबाज, तुम्ही किनाऱ्यावर थांबून नजर ठेवा, तेवढंच काम होईल :)

पाहुणे, शनिवारी अ‍ॅलामेडाला क्राउन बीचवर या. पाणी उथळ, वारा किनाऱ्याकडे तिरका, पडलात तर चालत बाहेर. भरतीची वेळ बघून निघा, ओहोटीला नुसता चिखल असतो. ९ची काइट आणा. पहिला तासभर काइटशिवाय नुसतं पोहायचं, मग उडवायची.