'वुड हॅव बीन' का चुकलं? मिक्स्ड कंडिशनल समजावून सांगा

शेवंती:
दहावीनंतर आर्ट्सला गेले, बारावी करून जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं. सहा वर्षं वॉर्डात आहे. परदेशी नर्स म्हणून जायचं तर बऱ्याच देशांसाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, म्हणून रातपाळी नसेल तेव्हा अभ्यास करते. काल वहीत लिहिलं, 'इफ आय हॅड टेकन सायन्स, आय वुड हॅव बीन अ डॉक्टर नाऊ.' सरांनी 'हॅव बीन'भोवती गोल केला. थर्ड कंडिशनल, म्हणजे अट आणि परिणाम दोन्ही मागचे असलेलं 'जर-तर'चं वाक्य, असंच असतं ना?

खडू-फळा:
ताई, तुमचं वाक्य मराठीत दोन तऱ्हांनी म्हणून बघा. 'सायन्स घेतलं असतं तर डॉक्टर झाले असते' आणि '...तर आज डॉक्टर असते.' पहिल्यात 'होणं' मागे कधीतरी घडून गेलं असतं. तिथे 'वुड हॅव बिकम'. दुसऱ्यात आत्ताची स्थिती आहे. तिथे 'वुड बी'. तुम्ही 'नाऊ' लिहिलंत, म्हणजे दुसरं. बोलण्यात तुमच्यासारखं वाक्य कानावर पडतं, पण परीक्षेत ते लिहू नका.

शाळेत इंग्रजी शिकवताना मी मुलांना सूत्रापेक्षा दोन प्रश्न विचारायला लावायचो. अट केव्हाची? परिणाम केव्हाचा? तुमची अट दहावीनंतरची, म्हणून 'हॅड टेकन'. परिणाम आजचा, म्हणून 'वुड बी'. दोन काळ एका वाक्यात आले, म्हणून मिक्स्ड.

उलटही होतं. पेशंटला मधुमेह आहे, तो काही कालपरवाचा नाही. 'इफ ही वेअर नॉट डायबेटिक, द वूंड वुड हॅव हील्ड लास्ट वीक.' अट कायमची, परिणाम गेल्या आठवड्यातला.

सोनकी:
माझी चूक 'इफ'च्या बाजूला व्हायची. 'पाऊस पडला असता तर पीक आलं असतं', आपल्याकडे दोन्हीकडे 'असता-असतं'. त्यामुळे मी 'इफ इट वुड हॅव रेन्ड' लिहायचे. तिथे 'इफ इट हॅड रेन्ड'च हवं. आणि ऐकण्याच्या पेपरात 'आयड'ला फसू नका, ते 'आय हॅड' आणि 'आय वुड' दोन्हीचं आखूड रूप आहे. पुढे 'गॉन' आलं तर 'हॅड', 'गो' आलं तर 'वुड'.

शेवंती:
'झाले असते' आणि 'असते' हा फरक मी रोज बोलते, पण कधी लक्षातच आला नव्हता! खूप आभार. हे बघा: 'इफ ही हॅड टेकन हिज टॅब्लेट्स, हिज बीपी वुड बी नॉर्मल नाऊ.'

खडू-फळा:
अगदी बरोबर. आता 'नाऊ' काढून 'दॅट नाइट' घाला.

शेवंती:
'हिज बीपी वुड हॅव बीन नॉर्मल दॅट नाइट.' म्हणजे सरांनी गोल केलेलं 'हॅव बीन' इथे बसतं!