जन्मनोंदीत नावाचा रकाना कोरा, काय करावं?

प्रश्न: २०१९ची जन्मनोंद ग्रामपंचायतीत आहे, पण मुलीचं नाव भरलेलं नाही. ऑनलाइन नवीन नोंद करावी का?

उत्तर १: मुळीच नको. दुबार नोंद रद्द करून घेणं फार जिकिरीचं असतं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्याच्या कलम १४ खाली जुन्याच नोंदीत नाव भरतात. नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क देऊन. या नोंदी ठेवणारे निबंधक म्हणजे तुमचे ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक). नोंदणी क्रमांक घालून त्यांच्याकडेच लेखी अर्ज द्या.

उत्तर २: दाखला निघण्याआधी स्क्रीनवर मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं अक्षर न् अक्षर वाचा. ‘श्रेया’चा एक काना सुटला, तरी कलम १५ खालची नोंददुरुस्ती आणि पुरावे मागे लागतात.

प्रश्नकर्ता: समजलं, आभार. उद्याच अर्ज देते.