जीसी चालवूनही रेपोचा आकार तेवढाच? रीफ्लॉग बघा

गिटमधल्या (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) रेपोच्या, म्हणजे इतिहासासकट प्रकल्पाच्या फोल्डरच्या, इतिहासातून मोठी फाइल काढली, 'गिट जीसी' ही साफसफाईची कमांडही चालवली, तरी आकार कमी होत नसेल तर हे वाचा. जुन्या कमिट (इतिहासात साठवलेले बदल) बहुतेक रीफ्लॉगने, म्हणजे ब्रांच आधी कुठे होती याच्या नोंदवहीने, धरून ठेवल्या असणार. कुठल्याच ब्रांचवर नसलेल्या कमिटच्या नोंदी तो एरवी ३० दिवस जपतो, शिवाय सुटे ऑब्जेक्ट (कशालाच न जोडलेला साठवलेला डेटा) जीसी २ आठवडे हटवत नाही. टॅग (कमिटला दिलेलं कायमचं नाव) आणि रिमोट ब्रांचही (सर्व्हरवरच्या ब्रांचच्या नोंदी) जुन्या कमिट धरून ठेवू शकतात, म्हणून आधी ते तपासा. माझ्याकडे एका विसरलेल्या टॅगनेच सगळं अडवलं होतं. मग रीफ्लॉग एक्स्पायर करून जीसीला 'प्रून नाऊ' (सुटे ऑब्जेक्ट लगेच हटव) हा पर्याय द्या. पण जपून! स्टॅशची (बाजूला ठेवलेले अर्धवट बदल) यादीही रीफ्लॉगमध्येच असते, एक्स्पायर करताना 'ऑल' (सगळे रीफ्लॉग) लावलंत तर जुने स्टॅशही जातील. त्यामुळे डॉट-गिटसकट (इतिहास असलेलं लपलेलं फोल्डर) पूर्ण फोल्डरची कॉपी ठेवूनच हात लावा, आणि कोणी पुश करत असताना तर नकोच.