मोबाईल गहाळ नाही झाला, हिसकावलाय

ए-४ (काका): सर्वांना नमस्कार. काल सगळ्यांनी हिची चौकशी केली, आभारी आहे. कोपराला तीन टाके पडलेत, बाकी ठीक आहे पण रात्रभर झोप नाही, खाली बाईकचा आवाज आला की दचकते. आज चौकीत जाऊन आलो ते सांगतो, जरा लांबेल पण वाचा. काल सकाळी सव्वासहाला गेट दोनच्या बाहेर ही दूध घेऊन येत होती, मागून दोघं बाईकवर आले, मागच्याने हातातला मोबाईल ओढला, हिने सोडला नाही म्हणून चार पावलं फरफटत गेली. हे सगळं मी तिथे नीट सांगितलं. टेबलावरचे साहेब म्हणे काका बिल आणलंय का, आयएमईआय नंबर द्या, गहाळ झाल्याचा अर्ज करून टाका, तेवढ्यावर नवीन सिम मिळतं. म्हणलं अहो गहाळ कुठे झालाय, हिसकावून नेलाय. तर म्हणे एफआयआर करून या वयात कोर्टाचे खेटे कशाला मागे लावून घेता, आणि सापडणार आहे का तो. दीड तास बसलो, शेवटी जो कागद पुढे केला त्यावर गहाळ लिहिलेलं, आणि मी सही केली. त्या सहीचं सकाळपासून फार वाईट वाटतंय मला.

बी-११ (ताई): काका आमच्या ह्यांचा मोबाईल पीएमपीच्या बसमध्ये खिशातून काढला तेव्हा पण अगदी हेच, गहाळ. आणि सी विंगच्या तीन सायकली गेल्या त्या अर्जाची तर पोचपण दिली नाही.

बी-६: काका जाऊ द्या हो, बारा हजाराचा फोन, वहिनी सुखरूप आहेत ते महत्त्वाचं. काही होत नसतं यातून.

ए-४ (काका): फोनचं मला काही नाही रे. मी १९८९ ला इथे राहायला आलो, तेव्हा पुढच्या रस्त्याला दिवेपण नव्हते, रात्री गस्तीची शिट्टी ऐकू यायची, बीटचे हवालदार दुकानदारांना आणि आम्हाला सगळ्यांना नावाने ओळखायचे. १९९१ च्या मे महिन्यात आम्ही गावाला गेलेलो तर कुलूप तोडून सगळी भांडी नेली. त्याच हवालदारांनी घरी येऊन एकेक भांडं लिहून घेतलं, कुठल्या भांड्यावर काय नाव घातलंय तेपण विचारलं. चार महिन्यांनी एका भंगारवाल्याकडे आईचा तांब्याचा हंडा मिळाला, तिचं नाव होतं त्यावर, आणि नोंदीतपण तेच नाव होतं म्हणून ओळख पटली. कोर्टातून सोडवून आणला मी तो. नोंदच नसती तर कोण शोधणार होतं? म्हणून मी इतकी वर्षं कोणी पोलिसांना नावं ठेवली की भांडायचो. आता नाही भांडवत.

बी-११ (ताई): मागच्या महिन्यात काही पोरांनी गल्लीत रात्री कोयते नाचवत सहा गाड्यांच्या काचा फोडल्या तेव्हा मीच ११२ ला फोन केला होता. तो लागतो नवी मुंबईच्या सेंटरला, तिथली मुलगी बिचारी नीट बोलत होती पण लँडमार्क समजावेपर्यंत ती पोरं निघून गेली, गाडी आली पाऊण तासाने. मुलगी माझी क्लासवरून साडेनऊला येते, मी रोज गेटपर्यंत जाते.

डी-२ (वहिनी): माझा भाऊ खात्यात आहे म्हणून बोलते, राग मानू नका. बारा बारा तास ड्युटी, पालखी झाली की गणपती, मध्ये व्हीआयपी बंदोबस्त, साप्ताहिक सुट्टीपण हक्काची राहिलेली नाही. चौकीत दोन माणसं असतात, ती काय काय बघणार.

ए-४ (काका): वहिनी तुमच्या भावाचे हाल मला मान्य आहेत, मनापासून. पण २०२३ च्या जूनमध्ये सदाशिव पेठेत तो मुलगा कोयता घेऊन मुलीच्या मागे लागला, तिला वाचवलं स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांनी, जवळच्या चौकीत पोलीस नव्हते म्हणून तिघं निलंबित झाले. आता तुम्हीच सांगा, आपल्या भागातल्या चोऱ्या गहाळ म्हणूनच लिहिल्या तर वरच्या साहेबांना कागदावर हा भाग शांतच दिसणार ना, मग इथे जादा माणसं कोण आणि कशाला देईल? यात तुमच्या भावाचंच नुकसान आहे.

सी-७: काका १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झालीय, त्यात ३०४ कलमात हिसकावून नेणं हा वेगळा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र, म्हणजे पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात असा. काकूंना लागलंय म्हणजे जबरी चोरीचं ३०९ पण लागू शकतं. आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली की एफआयआर घ्यावीच लागते, सुप्रीम कोर्टाचा ललिता कुमारी निकाल आहे २०१३ चा, सापडणार नाही हे कारण चालत नाही. नाहीच घेतली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ (४) खाली पोस्टाने डीसीपींना म्हणजे पोलीस उपायुक्तांना पाठवायचं, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट. गहाळवर सही केली म्हणून दार बंद होत नाही.

सेक्रेटरी: गेट दोनच्या कॅमेऱ्यात बाईक दिसतेय, नंबर अर्धाच येतोय. आपलं फुटेज पंधरा दिवसांनी पुसलं जातं म्हणून आत्ताच पेनड्राइव्हवर काढून ठेवलंय. फुटेज पुरावा म्हणून द्यायला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट मागितलं तर मी सही करून देतो.

बी-६: बरं काका, येतो मी पण. गाडी काढतो.

ए-४ (काका): उद्या अकराला निघू. अर्ज आजच लिहितोय, दोन प्रती, त्यात हिसकावला हा शब्द आणि दवाखान्याचा कागद जोडतो. आधीची सही का केली तेही लिहितो, लपवायचं काही नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती हातात आल्याशिवाय मी उठणार नाही. ताई, सायकलींच्या अर्जाची झेरॉक्स असेल तर रात्रीच आणून द्या.

बी-११ (ताई): आहे काका. मी पण येतेय, आणि ह्यांच्या मोबाईलचा गहाळचा कागदपण घेते. काकूंना सांगा सकाळचं दूध मी आणते.