सात महिन्यांच्या बाळासाठी खेळणी सुचवा (बजेट 600), आणि बोरन्हाणाचं काय करू?

सांगलीची आई
नमस्कार मंडळी. मुलगा सात महिन्यांचा आहे, हाताला लागेल ते थेट तोंडात. बारशाला आलेल्या एका खुळखुळ्याची टोपी परवा निघाली आणि आतले मणी चटईभर पसरले. मी समोरच होते म्हणून निभावलं. आहेरातल्या खेळण्यांची एक पिशवीच्या पिशवी कपाटात आहे, त्यातलं काय द्यावं कळेना. दोन-तीनच, पण निर्धास्त देता येतील अशी सुचवा. बजेट 600, त्याच्या वर जमणार नाही.
दुसरं म्हणजे संक्रांतीला सासूबाईंना बोरन्हाण करायचंय. बोरं, शेंगा, हलवा, गोळ्या, सगळं डोक्यावरून ओतायचं. तुम्ही कसं केलंत?

पार्ल्याची मावशी
सरळ लाकडी माँटेसरी संच घे. नातीला 2,800 चा आणला, अजून नवाकोरा आहे. प्लॅस्टिक घरात आणूच नये.

सांगलीची आई
मावशी, 600 आहेत हो.

पार्ल्याची मावशी
एकदाच होतो गं खर्च. मुलांच्या बाबतीत हात आखडू नये.

जुना दुकानदार
ताई, कुठलंही खेळणं घ्या, आधी आयएसआयचा शिक्का बघा. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे. शिक्क्याजवळ सीएम/एल आणि पुढे आकडे असतात. ते भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकले की परवाना खरा की खोटा ते कळतं. खोटे शिक्के मारलेला माल मी डोळ्यांनी पाहिलाय, म्हणून सांगतो. बॅटरी नसलेल्या खेळण्यावर आयएस 9873 हा मानक क्रमांक लिहिलेला हवा, बॅटरीच्या किंवा विजेच्या खेळण्यावर आयएस 15644. प्रयोगशाळेत खेळणं आपटतात, पिळतात, डोळे-बटणं ओढून बघतात. तुमचा खुळखुळा तिथं टिकलाच नसता.

कुडाळकर
म्हणजे आमची सावंतवाडीची खेळणी बेकायदा? चितार आळीत पिढ्यान्‌पिढ्या करतायत लोक. माझी दोन्ही मुलं त्यावरच वाढली, कुणाला काही झालं नाही.

जुना दुकानदार
बेकायदा कोण म्हणालं? विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंद असलेल्या कारागिरांना या शिक्क्याच्या सक्तीतून सूट आहे. पण सूट म्हणजे तपासणी झाली असं नव्हे. मोठं लाकडी फळ द्या, हरकत नाही. भातुकलीतली ती इवलीशी कळशी नि पळी तीन वर्षांपर्यंत वरच्या फळीवर. रंगही विचारून घ्या, हल्ली सगळीकडे लाखेचाच असतो असं नाही.

कुडाळकर
भातुकली सात महिन्यांच्या पोराला कोण देतं? उगाच आपलं काहीतरी.

दोन मुलींची आई
कोण कशाला देतंय? थोरली खेळते आणि धाकटी रांगत येऊन उचलते. आमच्याकडे रोज हेच. थोरलीचा सगळा पसारा आता जेवणाच्या टेबलावर, खाली काही नाही. ताई, मोठं भावंड किंवा शेजारची पोरं येत असतील तर तिकडे आधी बघा.

एडिसनकर
घशात अडकेल एवढी लहान वस्तू ओळखायला इथे अमेरिकेत एक छोटं नळकांडं असतं. आतला व्यास साधारण 32 मिमी, तळ तिरका, खोली एका कडेला 25 मिमी आणि दुसऱ्या कडेला 57. न दाबता जी वस्तू त्यात पूर्ण बसते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात चालत नाही. आपलं दहाचं नाणं 27 मिमीचं, म्हणजे ते सहज आत जातं. पुठ्ठ्याची नळी करून पिशवीतलं एकेक खेळणं तपासा. खेळण्याचा जो भाग सुटून येऊ शकतो तोही धरा.
आणि परदेशातून कुणी वापरलेलं सामान पाठवलं असेल तर सीपीएससी या अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या साइटवर मॉडेल शोधा. फिशर-प्राइसचा रॉक अँड प्ले हा कलता पाळणा 2019 मध्ये परत मागवला होता, 47 लाख नग. त्यात झोपलेल्या 30 हून जास्त तान्ह्या बाळांच्या मृत्यूंची तोवर नोंद झाली होती. तरी 2023 मध्ये तीच सूचना पुन्हा काढावी लागली, कारण लोक वापरतच होते. पाळणा या घरातून त्या घरात जातो, परत मागवल्याची बातमी त्याच्याबरोबर जात नाही. इथून बॅगेत घालून भारतात नेणारेही आहेत.

पार्ल्याची मावशी
तिला खेळणी हवीत, पाळणा नको.

एडिसनकर
मावशी, आहेराची पिशवी आहे म्हणाल्या ना त्या. त्यात काय काय आहे कुणाला माहीत?

कान-नाक-घसा वॉर्ड
मी परिचारिका आहे. खेळण्यांपेक्षा शेंगदाण्याची मुलं आमच्याकडे जास्त येतात. दाणा श्वासनलिकेत गेला की मूल जोरात ठसकतं, मग खोकला थांबतो आणि घरचे म्हणतात, "गेला वाटतं पोटात." दोन दिवसांनी एकाच बाजूच्या छातीत घरघर घेऊन येतात, मग भूल देऊन दुर्बिणीनं काढावा लागतो. तेव्हा खोकला थांबला तरी डॉक्टरांना दाखवाच. दाणे, फुटाणे, चिंचोके, सीताफळाच्या बिया चार-पाच वर्षांपर्यंत अख्ख्या द्यायच्या नाहीत. बोरन्हाणात तर हे सगळं डोक्यावरून, आणि मूल रडत असतं. रडताना तोंड उघडं आणि श्वास आत. मला ते बघवत नाही.

नवी आई नाशिक
आम्ही बोरं-शेंगा घेतल्याच नाहीत. मार्शमॅलो आणि जेलीच्या गोळ्या वापरल्या. मऊ असतात, फोटोही छान आले.

कान-नाक-घसा वॉर्ड
कृपया हे कुणी करू नका. मार्शमॅलो आणि जेली घशाच्या आकाराप्रमाणे दबतात आणि घट्ट बसतात. मऊ म्हणजे सुरक्षित नव्हे. फुटलेल्या फुग्याचे तुकडेही तसेच, सजावट करणाऱ्यांनी लक्षात ठेवा.
अडकलंच तर: बाळ रडत किंवा खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच येत नसेल तर हातावर पालथं, डोकं खाली, खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं 5 थापा. मग उताणं करून छातीच्या मध्यभागी 5 दाब. वस्तू निघेपर्यंत आलटून पालटून. एकानं 108 लावायचा. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालायचं नाही, ती आणखी आत जाते. पाय धरून उलटं लटकवायचं नाही. एक वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही.

कुडाळकर
आमची आजी उलटंच धरायची.

दोन मुलींची आई
काका, जे करायचं ते त्या रोज बघतात. हा प्रतिसाद मी छापून फ्रिजवर लावतेय.

पिंपरीचा बाबा
गाणी म्हणणारा ससा घ्या, 450 ला मिळतो. आमचा पोरगा त्याशिवाय जेवत नाही.

जुना दुकानदार
बॅटरीचं झाकण स्क्रूनं बंद होतं का ते बघूनच. नखानं उघडणारं असेल तर घरात नको.

कान-नाक-घसा वॉर्ड
याला शंभरदा दुजोरा. बटण सेल, म्हणजे बटणासारखा चपटा गोल सेल, अन्ननलिकेत अडकला तर 2 तासांत आतून भाजतं. उलटी करवायची नाही, वाट बघायची नाही, दुर्बिणीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात थेट. नुसती शंका आली तरी एक्स-रे. फुलदाणीत टाकतात ते पाण्यात फुगणारे जेलीचे मणी त्याहून फसवे, पोटात फुगतात आणि साध्या एक्स-रेत दिसत नाहीत.

पिंपरीचा बाबा
आत्ताच उठून बघितलं. झाकणाला स्क्रू आहे. रिमोटच्या झाकणाला मात्र नाही, तिथं चिकटपट्टी मारली.

पार्ल्याची मावशी
म्हणूनच म्हणत होते, लाकडी संच.

नवी आई नाशिक
ताई, त्या फुटलेल्या खुळखुळ्याची तक्रार केलीत का? 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लागतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं धोकादायक माल परत मागवायला लावायचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिलाय, पण कुणी कळवलं तर ना.

सांगलीची आई
सगळ्यांचे आभार. रात्री पुठ्ठ्याची नळी करून पिशवी तपासली. एका अस्वलाचं नाक ओढल्यावर हातात आलं, दोन गाड्यांची चाकं निघाली आणि नळीत बसली. ते सगळं बाजूला काढलंय, कुणाला पुढे देणार नाही. खुळखुळ्याचं खोकं माळ्यावर सापडलं, शिक्का नाहीच. 1915 ला कळवलं.
खेळण्यांचं म्हणाल तर संच नाही, ससा नाही, सावंतवाडीचंही आत्ता नाही. इथल्याच दुकानातून शिक्का आणि नंबर बघून मुठीत मावणार नाही असा रबरी चेंडू आणि एकसंध दात-कडं घेतलं, 340 झाले. बाकी स्टीलची वाटी आणि मोठा डाव, तो त्यावरच खूश आहे.
बोरन्हाण या वर्षी करत नाही. पाच वर्षांपर्यंत कधीही चालतं, मग घाई कशाला? काळे कपडे, हलव्याचे दागिने आणलेच होते. दागिने वाटीतच ठेवून लांबूनच ओवाळू, अंगावर घालणार नाही. सासूबाई नाराज आहेत, पाहुण्यांना आमंत्रणं गेली होती. त्यांना परिचारिकाताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. काही बोलल्या नाहीत, पण शेंगांची पिशवी स्वतःच वरच्या डब्यात ठेवली.

पार्ल्याची मावशी
हलव्याच्या दागिन्यांशिवाय पहिली संक्रांत? फोटो तरी काढून घे गं.