संगणकाची चूक, नुकसान नागरिकाचं: सरकारला कायद्याचं कवच असावं का?

बर्डीची वकील
नागपुरात महसुलाची प्रकरणं चालवते. "सिस्टीममध्ये असंच दाखवतंय, आम्ही काय करणार?" हे उत्तर घेऊन परतलेले पक्षकार नेहमी भेटतात. चूक कधी ना कधी दुरुस्त होते. मधल्या काळात बुडालेले पैसे कोण देणार, याचं सरळ उत्तर मात्र कायद्यात नाही. उलट अनेक कायद्यांच्या शेवटी एक कलम असतं: सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल सरकारवर दावा चालणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 मध्ये ते कलम 84 आहे, 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात कलम 35. त्यात जनरल क्लॉजेस ॲक्ट 1897 सांगतो की काम प्रामाणिकपणे झालं असेल, तर निष्काळजीपणा असला तरी ते सद्भावनेचंच धरायचं.

कारकुनाला, तलाठ्याला हे संरक्षण जरूर असू द्या. पण सॉफ्टवेअर प्रामाणिकही नसतं आणि अप्रामाणिकही नसतं. त्याच्या चुकीला हे कलम लावायचं कशाच्या आधारावर? नुकसान सरकारनेच भरून द्यायला हवं.

माजी महसूल कर्मचारी
ताई, कलम 84 त्या कायद्याखालच्या कामापुरतं आहे, सातबाऱ्याला ते लागत नाही. हस्तलिखित सातबाऱ्याचा काळ मी पाहिलाय. खाडाखोड, फाटलेली पानं, मागून घुसवलेल्या नोंदी. संगणकाने त्याला बराच आळा घातला. एवढ्या नोंदी चढवताना काही आकडे चुकणारच, म्हणून तर जमीन महसूल संहितेत लेखनप्रमाद, म्हणजे लिहिण्यातली चूक, दुरुस्त करण्याचं कलम 155 आहे. प्रत्येक चुकीवर दावे लागू लागले तर कुठलाही मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करायला धजणार नाही. फायली पडून राहतील आणि त्रास पुन्हा शेतकऱ्यालाच.

संत्रा बागायतदार
काका, 155 चा अर्ज मीबी केला होता. माह्या हस्तलिखित सातबाऱ्यावर 1.62 हेक्टर, ऑनलाइनमध्ये 0.62. दुरुस्ती झाली, नाही म्हणत नाही. पण तोवर बँकेनं 0.62 वरच पीककर्ज देल्लं. आंबिया बहाराच्या खताले अन् फवारणीले सावकाराकडून पैसे उचलले. त्याचं व्याज कोणत्या कलमात भरून भेटते, तेवढं सांगा.

परसोडीचा प्रोग्रामर
भाऊ, तुमचं नुकसान खरं आहे. तरी मी विरोधात आहे. एकही दोष नसलेली प्रणाली जगात कोणी बनवत नाही. सरकारने भरपाई दिली की ती कंत्राटदाराकडून वसूल होणार, मग नागपुरातल्या लहान कंपन्या टेंडर भरणंच सोडतील. अमेरिकेत नेवाडा राज्याने 1997 मध्ये कायदाच केला की सन 2000 ची तारीख नीट न ओळखता आल्यामुळे सरकारी संगणक चुकले तर दावा चालणार नाही. सरकारी तिजोरी सगळ्यांची असते, ती अशा दाव्यांत रिकामी होऊ नये, ही चिंता काही खोटी नाही.

बर्डीची वकील
नेवाडाने निदान विधिमंडळात उघडपणे ठरवलं, आणि तेही एका ठरावीक, आधीच माहीत असलेल्या धोक्यापुरतं. आपल्याकडे कवच सरसकट आहे.

काका, 84 बद्दल तुमचं बरोबर. पण मग संहितेतच पाहा. कलम 157 म्हणतं, अधिकार अभिलेखातली, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या सरकारी दप्तरातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. कलम 158 म्हणतं, नोंद करून घेण्यासाठी किंवा बदलून घेण्यासाठी सरकारवर दिवाणी दावा चालणार नाही. म्हणजे 0.62 हेच खरं, आणि ते खोटं आहे हे सिद्ध करण्याची धावपळ शेतकऱ्याची.

यंत्र बरोबरच असणार हे गृहीत धरल्यावर काय होतं ते ब्रिटनने भोगलंय. तिथल्या टपाल खात्याच्या होरायझन या संगणकीय हिशेब प्रणालीने प्रत्यक्षात नसलेली तूट दाखवली. 1999 ते 2015 या काळात 900 हून अधिक लोक दोषी ठरले, बहुतेक टपाल केंद्रं चालवणारे साधे लोक. शेवटी 2024 मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

आणि प्रोग्रामरदादा, रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक बघा. खात्यातून परस्पर पैसे गेले, दोष बँकेचा किंवा ग्राहकाचा नसून व्यवस्थेतला असला आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर शून्य बोजा. त्यानंतर बँकांनी काही ऑनलाइन व्यवहार बंद केले नाहीत.

परसोडीचा प्रोग्रामर
बँक आपल्या नफ्यातून देते. सरकार माझ्या करातून देणार.

लॉ कॉलेज, तिसरं वर्ष
सध्या शेतकऱ्याच्या खिशातून जातंय, ते चालतं का? हा वाद संगणकाच्याही आधीचा आहे. 1965 च्या कस्तुरीलाल खटल्यात मेरठ पोलिसांनी जप्त केलेलं सोनं हवालदारानेच पळवलं, तरी ते सार्वभौम, म्हणजे फक्त राज्यसत्तेनेच करायचं काम म्हणून सरकार सुटलं. त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारची जबाबदारी ठरवणारा कायदा करा असं सुचवलं होतं. विधी आयोगाने तर 1956 च्या पहिल्याच अहवालात तसं म्हटलं होतं. विधेयकं आली आणि बारगळली.

माजी महसूल कर्मचारी
पण 1993 च्या नीलाबती बेहरा निकालापासून मूलभूत हक्कांसाठीच्या रिट याचिकेत भरपाई मिळतेच की.

बर्डीची वकील
ते कोठडीतल्या मृत्यूचं प्रकरण होतं, जगण्याच्या हक्काचं. सावकाराच्या व्याजासाठी खंडपीठात गेलं तर माझी फीच त्या व्याजापेक्षा जास्त होईल. म्हणून मागणी लहान आहे. 155 च्या आदेशातच लिहा की चूक टंकनाची की प्रणालीची, ती कोणत्या तारखेपासून होती आणि अर्जदाराचं काय नुकसान झालं. त्या आदेशावरच ठरावीक मर्यादेपर्यंत जिल्हाधिकारी कार्यालयाने रक्कम द्यावी. कर्मचाऱ्याच्या पगाराला हात लावायचा नाही.

माजी महसूल कर्मचारी
कारण आणि तारीख लिहायला माझी हरकत नाही, ते आजही लिहिता येईल. पैशाचं मात्र मला पटलेलं नाही. एकदा ते दार उघडलं की खोटे अर्ज किती येतील याची तुम्हाला कल्पना नाही.

संत्रा बागायतदार
खोटे अर्ज येतीन म्हून खऱ्याले द्यायचंच नाही, हे काय झालं काका? माह्याजवळ जुना सातबारा हाय, बँकेचं कागद हाय. तपासा अन् मंग बोला.