जीटीए सहाची वाट पाहताय? तुमचा अनुभव लिहा

जीटीए सहाची, म्हणजे रॉकस्टार कंपनीच्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या व्हिडिओ गेम मालिकेच्या सहाव्या भागाची, तारीख पुन्हा पुढे गेली. आधी २०२५ च्या दिवाळीच्या आसपास म्हणत होते, मग २६ मे २०२६ झाली, आता १९ नोव्हेंबर २०२६. बातमी आली तेव्हा आपल्याकडे ६ नोव्हेंबर २०२५ ची मध्यरात्र उलटून गेली होती. एरवी फक्त वाढदिवसाला जागा होणारा आमचा शाळेचा ग्रुप सकाळपर्यंत वाजत राहिला. काही जण चिडले होते, पण रागापेक्षा आठवणीच जास्त निघाल्या. याच मालिकेतली जुनी व्हाइस सिटी पहिल्यांदा कुणाच्या घरी पाहिली, सीडी कुठून आणली, कुणाच्या बाबांनी कॅफेतून कान धरून बाहेर काढलं. म्हणून हा धागा.

आपल्यातल्या बहुतेकांनी या मालिकेची खऱ्या अर्थाने कधी वाट पाहिलीच नव्हती, असं मला वाटतं. व्हाइस सिटी ऑक्टोबर २००२ मध्ये प्लेस्टेशन टूवर आली, मे २००३ मध्ये पीसीवर, आणि आपल्या गल्लीत त्यानंतर केव्हातरी. गेम आलाय हे कळायचं तेच मुळी कॅफेत तो कुणीतरी खेळताना दिसल्यावर. वाट बघायला हातात तारीख लागते. ती पाचव्या भागाच्या वेळी थोड्यांना मिळाली, सहाव्याच्या वेळी सगळ्यांना मिळाली आहे. मायामीतल्या पोराला आणि मालाडच्या पोराला एकच दिवस. म्हणून तारीख पुढे सरकली की आपल्यालाही तितकंच लागतं.

पाचवा भाग १७ सप्टेंबर २०१३ चा. सहावा येईल तेव्हा मध्ये तेरा वर्षं गेलेली असतील. तेवढ्यात मुंबईत कोस्टल रोड झाला, मेट्रो तीन आरेपासून थेट कफ परेडपर्यंत गेली. 'हे सगळं जीटीए सहाच्या आधी झालं' असं आमच्याकडे आता दर उद्घाटनाला म्हणतात.

दोन विनंत्या. सप्टेंबर २०२२ मध्ये चोरून बाहेर काढलेल्या अर्धवट कामाच्या क्लिप्स इथे नकोत. लोकांनी वर्षानुवर्षं राबून केलेलं काम कच्चं असताना चव्हाट्यावर मांडणं मला अजिबात पटत नाही. आणि अंदाज असेल तर अंदाज म्हणूनच लिहा. बाकी मोकळेपणाने येऊ द्या.

परळचा कॅफेवाला

मी लिहायलाच हवं, कारण हिंदमाताच्या अलीकडे माझा सायबर कॅफे होता. मशीन मोजकीच, पण शाळा सुटली की दाराबाहेर चपलांचा ढीग. व्हाइस सिटी टाकली त्या दिवसापासून ईमेल करायला येणारं गिऱ्हाईक कमी आणि पोरंच जास्त.

अंदाज बांधणं म्हणाल तर ते तेव्हाही होतंच. खेळाच्या सुरुवातीला वादळाच्या इशाऱ्यामुळे पूल बंद असतात, पलीकडच्या बेटावर जाता येत नाही. कथा पुढे नेली की ते आपोआप उघडतात. पण कथा खेळायला वेळ कुणाकडे? तासाचे पैसे भरलेले, त्यात गाडी पळवायची, रणगाडा मागवायचा. त्यामुळे पूल कसे उघडतात यावर माझ्या दुकानात रोज परिषद भरायची. एक म्हणायचा पोहत जा (त्या गेममध्ये पाण्यात पडलं की मरतो), दुसरा म्हणायचा त्यासाठी वेगळा कोड (कीबोर्डवर टाइप करायचा गुप्त शब्द) आहे, माझ्या मावसभावाकडे आहे. तो मावसभाव कायम पुण्याला असायचा.

कोड बेस्टच्या तिकिटाच्या मागे लिहून आणायचे. रणगाड्याचा कोड सगळ्यांना तोंडपाठ, पँझर. एरवी कीबोर्डवरच्या झेडला कोण हात लावतो? पण माझ्या सगळ्या कीबोर्डवर सगळ्यात आधी पुसलं गेलेलं अक्षर झेडच होतं. नवीन कीबोर्ड आणला की पोरं आधी तेच बघायची, अक्षर दिसतंय म्हणून.

व्हाइस सिटीनंतरचा भाग, सॅन अँड्रियास, पीसीवर जून २००५ मध्ये आली. त्याची मात्र माझ्याकडे खरोखर वाट पाहिली गेली, कारण एका पोराने कुठल्याशा मासिकातलं पान फाडून आणलं होतं आणि ते मी काचेवर चिकटवलं होतं. गेम हाती लागला, मशीनवर चढवला, आणि २६ जुलैला हिंदमाताचं पाणी दुकानात शिरलं. सगळे सीपीयू खाली ठेवलेले. पाणी ओसरल्यावर पोरं आली ती विचारायला नाही, चिखल काढायला. त्यातला एक आज जहाजावर आहे. तारीख पुढे गेल्याचं मला त्यानेच सांगितलं, पहाटे फोन करून. आता माझं झेरॉक्सचं दुकान आहे, कन्सोल नाही. पण त्याने सांगितलंय की सुट्टीवर आलो की तुमच्यासमोर पहिला पूल ओलांडणार. तो दिवस मला बघायचा आहे.

लालबागकर

पाचवा आला १७ सप्टेंबर २०१३ ला, आणि १८ ला अनंत चतुर्दशी. मंडळाचा कार्यकर्ता असलेल्या माणसाला यापेक्षा कठीण तारीख असू शकत नाही. मित्राने एक्सबॉक्स ३६० ची डिस्क आणली आणि मांडवामागच्या खोलीत पाकीट दाखवून गेला. प्लॅस्टिकचं आवरणही फोडलं नव्हतं. म्हणाला, तू मोकळा झालास की फोडू. आम्ही वर्षभर पाचव्यातले तीन नायक एकमेकांना भेटणार कसे यावर भांडलो होतो, त्यामुळे त्याने एकट्याने सुरुवात करणं त्यालाच बरोबर वाटेना. विसर्जनाची मिरवणूक, चौपाटी, सगळं आटपून मी घरी आलो तो १९ च्या दुपारी. पायाला फोड, अंगावर गुलाल तसाच. आंघोळ करून आधी त्याच्या घरी गेलो. असे मित्र आहेत म्हणून वाट बघायला मजा येते.

दादरकर

पहिल्या ट्रेलरची वेळ आपल्या घड्याळाने ५ डिसेंबर २०२३ च्या संध्याकाळी साडेसातची होती. ६ डिसेंबर महापरिनिर्वाण दिन, त्यामुळे आम्ही दरवर्षीप्रमाणे शिवाजी पार्कात पाण्याच्या आणि जेवणाच्या स्टॉलवर. संध्याकाळी गर्दीत ट्रेलर बघायला मिळणार नाही हे मनाशी धरलेलं होतं. पण तो आधीच फुटला आणि कंपनीला ठरल्या वेळेपूर्वीच अधिकृत ट्रेलर टाकावा लागला. म्हणजे आपल्याकडे पहाटे. आम्ही पिंप भरत होतो, तेवढ्यात अकोल्याहून आलेल्या एका कॉलेजच्या मुलाने फोन पुढे केला. पाचसहा डोकी एका स्क्रीनवर. तुरुंगाच्या कपड्यातली लुसिया, सहाव्या भागाची नायिका, मग तो किनारा, गुलाबी पक्ष्यांचा थवा, स्विमिंग पुलात शिरलेली मगर. पुन्हा पुन्हा लावला. तो मुलगा म्हणाला, आमच्या गावात मी एकटाच हे बोलतो. त्याला आमच्या ग्रुपमध्ये घेतलं, आजही आहे. ट्रेलर फुटला याचं त्या टीमसाठी वाईट वाटलं, पण ती पहाट मला फार जवळची आहे.

मुलुंडहून, खेळणारी

मी लुसियासाठी थांबले आहे. व्हाइस सिटी, सॅन अँड्रियास, चौथा, पाचवा, सगळ्यांच्या कथेत नायक पुरुष. भावाच्या खुर्चीमागे उभं राहून बघण्यात माझी शाळा संपली. 'दे ना मला' म्हटलं की एक राउंड मिळायचा, तोही गाडी बंद पडत आली की. आता स्वतःच्या पगाराचा पीएस फाइव्ह आहे. लुसिया नुसती नायक जेसनची मैत्रीण म्हणून राहील की तिची स्वतःची बाजू, तिची आई, तिची सुटका यांना कथेत वजन असेल, हाच माझा एकमेव प्रश्न. ६ मे २०२५ चा दुसरा ट्रेलर कसलीही पूर्वसूचना न देता आला. त्यात तुरुंगातून बाहेर पडल्यावरची ती बघितली आणि आशा वाढली. माझा अंदाज: शेवट तिच्या निर्णयावर होईल. चुकला तर चुकला, पण मी ठामपणे नोंदवून ठेवते.

भाऊ आता म्हणतो, मला खेळायला देशील ना? देईन. पूर्ण मिशन देईन.

अंधेरीतला टेस्टर

गेम टेस्टिंग हे माझं काम आहे, दुसऱ्याच गेम्सचं. तारीख पुढे गेली की 'हे लोक करतात काय' असा प्रश्न इथेही येईल, म्हणून आतून कसं असतं ते सांगतो.

मोठ्या गेममध्ये शेवटचे महिने नवीन काही बनवण्याचे नसतात. आम्ही भिंतीला खांदा लावून अख्खा कॉरिडॉर चालतो, प्रत्येक कोपऱ्यात कॅरेक्टर अडकतं का ते बघतो. मग गाडी दारात आडवी लावून आतल्या माणसाला बाहेर पडता येतं का ते बघतो. मग हेच पावसात, रात्री, पोलीस मागे असताना. एक बग, म्हणजे गेममधली चूक, दुरुस्त झाला की त्याच्या आजूबाजूचं सगळं पुन्हा तपासायचं, कारण दुरुस्तीने दुसरं काहीतरी मोडलेलं असतं. इतकं झाल्यावर सोनी आणि मायक्रोसॉफ्ट आपापली तपासणी करतात. मोकळं, उघडं शहर असलेल्या गेममध्ये खेळणारा काय करेल याला मर्यादाच नाही, त्यामुळे काम संपतच नाही, थांबवावं लागतं.

घाई केली की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. सायबरपंक २०७७ हा दुसऱ्या कंपनीचा गेम डिसेंबर २०२० मध्ये आला आणि आठवड्याभरात सोनीने तो आपल्या स्टोअरमधून काढला. तो पुढे सुधारला, चांगलाच सुधारला, पण बनवणाऱ्यांचा पहिला दिवस गेला तो गेलाच.

अजून एक. रॉकस्टारचा एक स्टुडिओ २०१६ पासून बंगळुरूला आहे, आणि २०१९ मध्ये तिथलाच जुना गेम स्टुडिओ ध्रुव इंटरॅक्टिव्ह त्यात सामील झाला. आपल्या देशातले लोक या कंपनीत बसून काम करतात. त्यांना सहा महिने जास्त मिळत असतील तर मला आनंद आहे, फक्त ते महिने रात्रपाळ्यांचे नसावेत.

पीसीवाला, कांजूरमार्ग

तुम्हाला नोव्हेंबर तरी आहे. जाहीर झालंय ते फक्त पीएस फाइव्ह आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स, एस साठी. जुन्या तारखा बघा: चौथा एप्रिल २००८, पीसीवर डिसेंबर. पाचवा सप्टेंबर २०१३, पीसीवर एप्रिल २०१५. याच कंपनीचा रेड डेड रिडेम्प्शन २ ऑक्टोबर २०१८, पीसीवर पुढच्या वर्षीचा नोव्हेंबर. यावरून माझा अंदाज २०२७ ची अखेर किंवा २०२८. तोवर कथा कळू न देता राहणं हीच खरी परीक्षा. ऑफिसमध्ये शेजारी बसणाऱ्याला आत्तापासून सांगून ठेवलंय, लोकलमध्ये कानात हेडफोन राहतील. ग्राफिक्स कार्डासाठी दर महिन्याला बाजूला पैसे टाकतोय, ते एक मात्र या उशिराने सोपं झालं.

नकाशावाला

जगभरचे चाहते ट्रेलर आणि स्क्रीनशॉटमधल्या इमारती, पूल, सावल्यांच्या दिशा जुळवून लिओनिडाचा, म्हणजे सहाव्या गेममधल्या काल्पनिक राज्याचा, नकाशा बांधतायत. मी सिव्हिलचा विद्यार्थी, सर्वेक्षण शिकतोय, म्हणून मलाही याचं वेड लागलं. एका फ्रेममधला उंच टॉवर दुसऱ्या फ्रेममध्ये कुठल्या कोनात दिसतो यावरून कॅमेरा कुठे असेल ते काढायचं. वर्गात जे कंटाळवाणं वाटायचं ते इथे रात्री दोनपर्यंत करतो. चंद्राच्या कलांवरून ट्रेलरचा दिवस काढणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही. व्हाइस सिटी, लिओनिडा कीज, ग्रासरिव्हर्स, पोर्ट गेलहॉर्न, अँब्रोशिया, माउंट कलागा हे भाग कंपनीनेच सांगितलेत. एवढा माल असताना चंद्राकडे का बघायचं?

बोरिवलीच्या शिक्षिका

मी खेळत नाही, पण नववीच्या वर्गात मधल्या सुट्टीत हाच विषय असतो, म्हणून लिहिते. आधीचे भाग प्रौढांसाठीचे होते, पाचव्याला युरोपात अठराचं रेटिंग आहे. इथले बरेच जण आता आईबाबा आहात. तुम्ही स्वतः मनसोक्त खेळा, पण चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात देण्याआधी त्याच्या शेजारी बसा. मुलांच्या उत्साहाचं मला कौतुक आहे. एका मुलाने निबंधात फ्लोरिडातल्या दलदलीबद्दल इतकं नेमकं लिहिलं की मी त्याला विचारलं कुठे वाचलंस. ट्रेलर बघून शोधलं म्हणाला. ती जिज्ञासा जपायला हवी, आणि वयही.

धागाकर्ता

बाई, अगदी मान्य. माझा पुतण्या अकरा वर्षांचा आहे, त्याला ट्रेलरपुरतंच.

लॅमिंग्टन रोड, काउंटरवरून

रोज कुणीतरी विचारतं, बुकिंग घेता का. किंमत जाहीर झालेली नाही. शंभर डॉलर होणार अशी चर्चा ऐकून लोक धास्तावतात, ती चर्चाच आहे. आम्ही पैसे घेत नाही, वहीत नाव आणि नंबर लिहून घेतो. जुन्या तारखेची नावं खोडली नाहीत, तीच पुढे आणली. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, गेम १९ ला, गुरुवारी. बोनस झालेला असेल, त्यामुळे कन्सोलसह घेणारे बरेच असतील. ज्यांना कन्सोलही घ्यायचा आहे त्यांनी शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, दिवाळीआधी येऊन जा. येताना जुना कन्सोल विकायचा असेल तर वायर आणि दोन्ही कंट्रोलर आणा. लोक एकच आणतात आणि मग परत विरारला जावं लागतं.